राजाने बंद करावं, पत्राने पुन्हा निघावं

नमस्कार श्रोतेहो. बोफोर्स हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते एप्रिल १९८७मध्ये, तोफखरेदीतल्या लाचेबद्दल स्वीडनच्या रेडिओने दिलेल्या बातमीमुळे. पुढे या प्रकरणाची कागदपत्रं पत्रकारांच्या हाती देणारा माणूस कोण, हे जगाला कळलं थेट २०१२ साली. स्टेन लिंडस्ट्रॉम हे स्वीडिश पोलीस अधिकारी स्वतःहून पुढे आले तेव्हा. बातमी पुरवणाऱ्याचं नाव सांभाळणं ही स्वीडनमध्ये नुसती पत्रकाराच्या शब्दाची बाब नाही, तो कायदा आहे. नाव फोडणारा पत्रकार गुन्हेगार ठरतो. आणि काही गंभीर अपवाद सोडले, तर ‘कोणी सांगितलं?’ म्हणून शोध घेणारा सरकारी अधिकारीही.

स्वीडिश वृत्तपत्रांचा दरारा कशामुळे, असं विचाराल तर मी या कायद्याकडेच बोट दाखवेन. त्याचं मूळ १७६६ सालचं. आंदेर्स शिदेनियस या धर्मगुरूने संसदेत जिवाचं रान केलं आणि छपाईआधीची सरकारी तपासणी उठली. धर्मविषयक लिखाणावरची मात्र राहिली. त्याच कायद्याने सरकारी दप्तर नागरिकांना खुलं केलं. आजही तिथे कोणीही कचेरीत जाऊन, नाव-गाव न सांगता, कागद मागू शकतो. १९९५मध्ये पंतप्रधानपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या मोना सालीन यांनी सरकारी कार्डावर खासगी खरेदी केल्याचं ‘एक्सप्रेसन’ या दैनिकाने छापलं. त्यात टोब्लेरोन चॉकलेटही होतं. पैसे परत केले होते, तरी त्यांना शर्यतीतून माघार घ्यावी लागली.

अर्थात हे हक्क सुखासुखी टिकले नाहीत. १८३०मध्ये लार्स योहान हिएर्टा यांनी ‘आफ्टनब्लादेट’ हे वृत्तपत्र काढलं. गैरसोयीचं पत्र बंद करण्याचा अधिकार तेव्हा राजसत्तेकडे होता आणि तो सढळ हाताने वापरला जाई. हिएर्टांनी काय करावं? पत्र बंद झालं की नवा परवाना काढायचा, नावात थोडा फरक करायचा आणि पुन्हा छापायचं. ‘तिसरं आफ्टनब्लादेट’, ‘चौथं आफ्टनब्लादेट’, असा क्रम चालूच राहिला. वाचकांना सगळं कळत होतं. अखेर १८४०च्या दशकात राजसत्तेचा तो अधिकारच गेला.

मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो गोथेनबर्गच्या तोर्ग्नी सेगरस्टेट या संपादकांबद्दल. फेब्रुवारी १९३३मध्ये, हिटलर सत्तेवर येऊन आठवडा होतो न होतो तोच, हा माणूस म्हणजे अपमान आहे, असं त्यांनी लिहिलं. हिटलरचा मंत्री गोरिंग याने निषेधाची तार पाठवली. पुढे महायुद्धात स्वीडन तटस्थ राहिला. जर्मनीला डिवचू नका, असा सरकारचा धोशा होता. खुद्द राजा गुस्ताव पाचवा यांनी सेगरस्टेटना बोलावून समज दिली. त्यांच्या पत्राचे अंक जप्त होत राहिले. मार्च १९४२मध्ये तर नॉर्वेतल्या कैद्यांच्या छळाची हकीकत छापली म्हणून एका झटक्यात सतरा वृत्तपत्रं जप्त झाली. म्हणजे १७६६चा कायदा सांगणाऱ्या देशातही सरकार घाबरलं की काय करतं, ते इथे दिसलं. सेगरस्टेट मात्र लिहीत राहिले. मार्च १९४५मध्ये ते गेले. जर्मनीची शरणागती त्यांना पाहायला मिळाली नाही.

तिथली वृत्तपत्रं आपला रंग लपवत नाहीत. ‘आफ्टनब्लादेट’चा अग्रलेख समाजवादी लोकशाहीवादी, म्हणजे सोशल डेमोक्रॅट, ‘दागेन्स न्यूहेटर’चा उदारमतवादी, ‘स्वेन्स्का दागब्लादेट’चा उजवीकडे झुकलेला. वाचकाला ते ठाऊक असतं. १९७१पासून सरकार मागे पडलेल्या दैनिकांना अनुदान देऊ लागलं, गावात एकाच मताचं पत्र उरू नये म्हणून. ही योजना सोशल डेमोक्रॅट सरकारची, आणि तिच्यातून वर्षानुवर्षं मदत मिळाली ती विरोधी विचारांच्या ‘स्वेन्स्का दागब्लादेट’लाही. टीकाकाराला जगवणारं असं सरकार विरळाच.

अलीकडे जाहिराती इंटरनेटवर गेल्या, गावोगावच्या वृत्तपत्र कचेऱ्यांना कुलपं लागली, नगरपालिकेच्या सभेला बातमीदारच नाही अशी ठिकाणं वाढली. म्हणून २०२४पासून अनुदानाचे नियम बदलले आहेत. आता स्थानिक बातमीदारीला, विशेषतः जिथे कोणीच पोचत नाही अशा भागांना, अग्रक्रम आहे.