टॅपेस्ट्री : चाल बांधणारीचा आवाज

(रेकॉर्डचं मुखपृष्ठ. कॅमेरा हळूहळू जवळ.)

खिडकीतून आत येणारा उजेड. खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली बाई. जीन्स, अनवाणी पाय, मोकळे सोडलेले कुरळे केस. हातात भरतकाम आहे, तेही तिनंच केलेलं. आणि पुढ्यात, थेट आपल्याकडे बघणारं मांजर, टेलेमॅकस. लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यनमधलं हे तिचं राहतं घर. फोटो काढायला आलेल्या जिम मॅक्क्रेरींना खोलीत झोपलेलं मांजर दिसलं आणि त्यांनी ते उशीसकट चौकटीत आणलं.

बाईचं नाव कॅरोल किंग. १० फेब्रुवारी १९७१ रोजी ‘टॅपेस्ट्री’ ही रेकॉर्ड बाजारात आली. आदल्याच दिवशी तिला २९ वर्षं पूर्ण झाली होती. पण गाण्याच्या धंद्यात तिची दहा वर्षं तोवर उलटली होती. लोक तिची गाणी गुणगुणत होते, फक्त दुसऱ्यांच्या आवाजात.

(न्यूयॉर्क. ब्रॉडवेवरची रहदारी, मग वर जाणारा कॅमेरा.)

इमारत क्रमांक १६५०. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथं अल्डन म्युझिक ही गाण्यांची पेढी होती. लहान लहान खोल्या, खोलीत एक उभा पियानो, आणि भिंतीपलीकडे दुसरी जोडी गाणं रचत बसलेली. कॅरोल चाली बांधायची, नवरा जेरी गॉफिन शब्द लिहायचा. दिवसा तो प्रयोगशाळेत नोकरी करायचा. दोघांनी शिरेल्स या मुलींच्या चमूसाठी ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ केलं. त्यातल्या तंतुवाद्यांचे तुकडेसुद्धा कॅरोलनंच लिहिले. जानेवारी १९६१ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. कृष्णवर्णीय मुलींच्या चमूला हे स्थान पहिल्यांदाच मिळत होतं. चाल बांधणारी तेव्हा १८ वर्षांची होती, आणि एका मुलीची आई. जेरीनं नोकरी सोडली.

(स्पूल टेप फिरतेय. टेपवर थांबा.)

गाणं गायकाच्या गळी उतरवायचं तर आधी नमुना लागतो. आपल्याकडे स्टुडिओत त्याला डमी म्हणतात. कॅरोल आपल्या गाण्यांच्या डमी स्वतः करायची. पियानो तिचा, आवाज तिचा, मागचे सूरही तिचेच. गायक ऐकणार, शिकणार, गाणार. डमी कपाटात जाणार. पण याच पेढीच्या लॉस एंजेलिस शाखेत लू अ‍ॅडलर नावाचा तरुण होता. हातात आलेल्या त्या डमी त्याला कमालीच्या आवडायच्या आणि तो त्या जपून ठेवायचा. ‘टॅपेस्ट्री’ची मुळं शोधायची तर ती या कपाटात सापडतात, असं आम्हाला वाटतं.

पुढे लग्न मोडलं. १९६८ मध्ये कॅरोल दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसला आली. द सिटी नावाचं तिघांचं बँड केलं, पण मंचावर उभं राहायची तिला भीती, त्यामुळे दौरे नाहीत आणि रेकॉर्ड पडून राहिली. १९७० मध्ये ‘रायटर’ हा पहिला एकटीचा अल्बम आला, तोही फारसा चालला नाही. तिला पियानोवरून माइकसमोर आणायला गायक-गीतकार जेम्स टेलरनं मदत केली. त्याच्या साथीला पियानो वाजवणाऱ्या कॅरोलला, आता तुझं एक गाणं तूच गा, असं त्यानं भर कार्यक्रमात सांगितलं.

(ला ब्रिया अव्हेन्यू. फुटपाथवरून दिसणारी इंग्रजी खेड्यातल्या घरांसारखी इमारत.)

ही वास्तू चार्ली चॅप्लिननं १९१७ मध्ये बांधायला घेतली. १९६६ मध्ये ती ए अँड एम रेकॉर्ड्सकडे आली. जानेवारी १९७१ मध्ये या आवारात काय चाललं होतं ते ऐका. स्टुडिओ ए मध्ये कार्पेंटर्स ही भाऊ-बहिणीची जोडी. सी मध्ये गायिका जोनी मिचेल, तिचा ‘ब्लू’ हा अल्बम करत होती. आणि मधल्या बी मध्ये कॅरोल. सी मधल्या लालसर लाकडाच्या स्टाइनवे पियानोवर दोघींचा जीव होता.

निर्माता लू अ‍ॅडलर, ध्वनिमुद्रक हँक सिकालो. अ‍ॅडलरला हवा होता तोच डमीचा परिणाम: ऐकणाऱ्याला डोळ्यांसमोर पियानोशी बसलेली बाई दिसली पाहिजे. म्हणून वादक मोजकेच. बासवर चार्ल्स लार्की, तिचा दुसरा नवरा. गिटारवर डॅनी कोर्चमार. ढोलाला कधी रस कंकेल, कधी जोएल ओब्रायन. सगळ्यांच्या पुढे पियानो.

(पियानोवर हात. फक्त डावा हात.)

या डाव्या हाताकडे लक्ष द्या. ‘आय फील द अर्थ मूव्ह’ची सुरुवात. पट्टी सी मायनर. खालचे स्वर असे ठोकून येतात की ढोल सुरू व्हायच्या आधीच ताल अंगात शिरतो. गायकाला चाल शिकवताना ताल, सूर आणि साथ हे सगळं एकटीनं द्यावं लागतं. त्यातून घडलेला हा हात आहे. ‘इट्स टू लेट’मध्ये हाच हात शांत होतो. शब्द टोनी स्टर्न यांचे. मधल्या जागेत कोर्चमारची गिटार आणि मग कर्टिस एमी यांचा सोप्रानो सॅक्सोफोन.

आता आवाज. थोडा घोगरा. वरच्या स्वरात ताणलेला, श्वास ऐकू येणारा. त्यावर पॉलिश चढवलं नाही, हा या रेकॉर्डमधला सगळ्यात मोठा निर्णय. ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ इथं पुन्हा आहे, संथ लयीत, आणि मागे सूर द्यायला जेम्स टेलर आणि जोनी मिचेल. अठराव्या वर्षी बांधलेली चाल, दोन मुलींच्या आईच्या गळ्यातून. शेवटचं गाणं ‘नॅचरल वुमन’. १९६७ मध्ये अरेथा फ्रँकलिननं ते असं गायलं होतं की त्यानंतर कुणी त्या वाटेला जाऊ नये. कॅरोल तिच्याशी स्पर्धाच करत नाही. ढोल नाही, पितळी वाद्यं नाहीत. पियानो, बास आणि ती. आम्हाला विचाराल तर सगळ्या रेकॉर्डमध्ये हीच जागा सर्वांत धीट आहे.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: सलग १५ आठवडे पहिला क्रमांक, चार ग्रॅमी, नुसत्या अमेरिकेत एक कोटीहून जास्त प्रती. ग्रॅमीच्या रात्री ती घरी तान्ह्या बाळापाशी होती. पुरस्कार अ‍ॅडलरनं घेतले.

(केनेडी सेंटर, डिसेंबर २०१५. मूळ आवाज पूर्ण ठेवा.)

कॅरोलच्या सन्मानाचा सोहळा. पियानोशी अरेथा फ्रँकलिन, तेच ‘नॅचरल वुमन’ गाताना. वरच्या सज्जात कॅरोल.

(हाइड पार्क, लंडन. ३ जुलै २०१६.)

वय ७४. मंचावर यायला घाबरणारी ती मुलगी आज हजारो लोकांसमोर ‘टॅपेस्ट्री’तली बाराही गाणी गाते आहे. एका गाण्याला सोबत मुलगी लुईस गॉफिन. गिटारवर डॅनी कोर्चमार.