वामकुक्षी, रात्रीचीसुद्धा

नाशिकमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात कान-नाक-घसा तज्ज्ञाने केलेल्या भाषणाचं हे संपादित शब्दांकन.

मंडळी, आपल्या गावाचं नाव नाकावरून पडलं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, म्हणून नाशिक. आता ही शूर्पणखा कुणाची बहीण? कुंभकर्णाची. नाक गेलं बहिणीचं आणि झोपेसाठी नाव झालं भावाचं. माझ्याकडे येणाऱ्या घरांतही हेच चालतं. घोरतो एक, झोप जाते दुसऱ्याची. म्हणून मी पेशंटला एकट्याला बोलावतच नाही. बायकोला घेऊन या म्हणतो, आणि पेशंट बाई असेल तर यजमानांना. अर्धं निदान तिथेच होतं.

एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. ‘डॉक्टर, घोरण्याची सवय झाली हो. पण मध्येच ते एकदम गप्प होतात ना, तेव्हा मी उठून बसते.’ या माऊलीला वैद्यकातलं काही येत नसेल, पण तिने नेमकं पकडलेलं असतं. घोरणं ऐकू येतंय म्हणजे हवा जातेय, अडखळत का होईना. गप्प झाला म्हणजे घसा मिटला. छाती-पोट धडपडत असतं, पण हवा आत जात नाही. मग ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून जागा होतो, एक मोठा फुत्कार येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. झोपेत असा घसा मिटून श्वास अडण्याच्या त्रासाला आम्ही स्लीप अ‍ॅप्निया म्हणतो. सकाळी त्या माणसाला यातलं काही आठवत नाही. त्याची तक्रार एवढीच, की आठ तास झोपूनही अंग जड आहे.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला, किंवा उथळ होऊन ऑक्सिजन उतरला, की आम्ही एक खूण करतो. तासाला अशा पाचपेक्षा कमी खुणा असतील तर ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे गंभीर. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये देशातले अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला, की प्रौढांमध्ये साधारण ११ टक्के लोकांना हा त्रास असावा. या सभागृहात किती जण बसलेत ते मी मोजत नाही. तिसऱ्या रांगेतल्या एका काकांचा डोळा आत्ताच लागलाय, त्यांनाही मोजत नाही.

घसा मिटतो म्हणजे काय होतं? इथे द्राक्षबागवाले कोणी आहेत? मग सोपं आहे. तुमच्याकडे दोन प्रकारचे पाइप असतात. एक लपेटा पाइप, पाणी नसलं की चपटा पडतो, गुंडाळून ठेवता येतो. दुसरा विहिरीत सोडायचा कडक सक्शनचा पाइप. मोटारीच्या ओढीच्या बाजूला कोणी लपेटा लावतो का? नाही लावत, कारण मोटार ओढायला लागली की तो आतल्या आत चिकटून बसेल. आपली श्वासनलिका सक्शनच्या पाइपसारखी आहे, तिला कूर्चेची कडी आहेत. पण टाळूपासून स्वरयंत्रापर्यंतचा घसा म्हणजे लपेटा. त्याला गिळायचं असतं, बोलायचं असतं, म्हणून तो मऊच हवा. आणि श्वास घेणं म्हणजे ओढ. जागेपणी आजूबाजूचे स्नायू त्याला ताणून उघडा धरतात. झोपेत ते ढिले पडतात, आणि स्वप्नांच्या झोपेत तर फारच ढिले. त्यातून रात्री दोन पेग घेतले असतील किंवा झोपेची गोळी असेल, तर आणखी.

आता या लपेट्यावर वरून काही ठेवलं तर? उताणं झोपल्यावर हेच होतं. जीभ आणि पडजिभेचा सगळा मऊ भाग वजनाने मागे जातो. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. उताणं पडलं की पोट छातीकडे सरकतं, फुप्फुसं थोडी लहान होतात आणि श्वासनलिकेला खालून मिळणारा ताण सैल पडतो. पाइप लांबीने ताणून धरला तर गोल राहतो, सैल सोडला तर दुमडतो. ज्यांचं पोट सुटलंय त्यांना म्हणून दुहेरी मार बसतो. कुशीवर वळलं की जीभ गालाकडे कलते, पोट बाजूला पडतं, वाट मोकळी होते.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. १९८४ मध्ये रोझलिंड कार्टराइट या अमेरिकन संशोधक बाईंनी रुग्णांच्या खुणा उताणं असताना आणि कुशीवर असताना वेगळ्या मोजल्या. उताणं असतानाचा आकडा कुशीवरच्या निदान दुप्पट असेल तर तो त्रास ‘स्थितीवर अवलंबून’ असं म्हणायची पद्धत तेव्हापासून पडली. हा त्रास असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक या गटात येतात. आणि सगळ्यांत गमतीचा पुरावा आकाशातून आलाय. १९९८ साली अंतराळयानात गेलेल्या पाच अंतराळवीरांची झोप मोजली. तिथे वर-खाली काही नाहीच, जीभ पडणार कुठे? श्वास अडण्याचं प्रमाण जमिनीवरच्यापेक्षा ५५ टक्क्यांनी कमी झालं आणि घोरणं जवळजवळ नाहीसं झालं. माणसं तीच, घसे तेच. फक्त वजन गेलं.

आपल्याला अंतराळात जायची सोय नाही, म्हणून कुशीवर.

आता अंथरुणाकडे येतो, कारण खरे प्रश्न मला त्याचेच येतात. ‘डॉक्टर, अमुक गादीने घोरणं थांबतं असं जाहिरातीत म्हणतात.’ माझं उत्तर ठरलेलं आहे. गादी घसा उघडत नाही. गादीचं काम एवढंच, की कुशीवर झोपलेल्या माणसाला तिने कुशीवर राहू द्यावं. पण हे ‘एवढंच’ लहान नाही.

आमच्या निफाडकडच्या घरात आजोबांची सुताची बाज होती. वर्षानुवर्षं ताणलेली नाही, मध्ये चांगली झोळी झालेली. त्या झोळीत माणूस पडला की खांदे वर, कंबर खाली, हनुवटी छातीला. कुशीवर वळायचं म्हटलं तरी झोळी त्याला परत पाठीवर आणून ठेवायची. आजोबांचं घोरणं गोठ्यापर्यंत जायचं. वडिलांनी एकदा पायाकडची दोरी सोडून बाज कडक ताणली. आजोबा चार दिवस कुरकुरले, पण आजीने सांगितलं की रात्री घर शांत झालंय. याला मी पुरावा म्हणणार नाही. पण पुढे शिकताना घशाचं चित्र फळ्यावर पाहिलं, तेव्हा मला ती बाज आठवली.

कापसाच्या गादीचंही तेच. पूर्वी पिंजारी गल्लीत यायचा, धनुकलीचा टणत्कार ऐकू यायचा, गादी उसवून कापूस पिंजून पुन्हा भरली जायची. आता तो येत नाही आणि गादी तशीच राहते. दहा वर्षांनी मध्ये खड्डा पडतो. जड माणूस त्या खड्ड्यात घरंगळतो आणि उताणाच होतो. फार मऊ फोममध्येही असंच. कंबर आत रुतते, वळायला जोर लागतो, आणि झोपेत जोर कोण लावतो? उलट टोकाला फरशीवर नुसती चटई. जमिनीवर झोपणं आरोग्याचं, असं मानणारे आपल्यात खूप आहेत. पाठीला बरं वाटतही असेल. पण कुशीवर पडलं की सगळा भार खांदा आणि खुब्यावर येतो. अर्ध्या तासात खांदा दुखतो आणि माणूस नकळत पाठीवर जातो. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर निघालेल्या दिंडीत मी एक मुक्काम केलाय. शाळेच्या वर्गात पन्नास माणसं सतरंजीवर. सुरुवातीला बहुतेक जण कुशीवर होते. रात्री दीडला उठलो तर बरेच उताणे, आणि मृदंगाशिवाय भजन चाललेलं. सतरंजीखाली एक जाड गोधडी असती तरी खांद्यांनी एवढी माघार घेतली नसती.

थोडक्यात, खांदा जरासा रुतेल एवढी मऊ आणि वळताना धक्का न लागेल एवढी घट्ट. कॉयर, कापूस, फोम, काहीही चालेल.

उशीबद्दल लोक उलटंच करतात. घोरतो म्हणून दोन उशा. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्यांना बघा, इगतपुरी गेली की बसल्या बसल्या मान पुढे पडते आणि घर्र सुरू. मान पुढे वाकली की नळीला घडी पडते. पाठीवर झोपून दोन जाड उशा घेतल्या की तुम्ही तीच घडी मुद्दाम घालता. कुशीवर मात्र उशी बेताची जाड हवी, कानापासून खांद्याच्या टोकापर्यंतची जागा भरेल एवढी. गादी मऊ असेल तर खांदा आत जातो, मग उशी पातळ लागते. या दोघींचा जोडा जमला पाहिजे.

डोकं उंच करायचंच तर मानेपासून नको, कंबरेपासून करा. ब्राझीलमध्ये पलंगाचा डोक्याकडचा भाग साडेसात अंश उचलून अभ्यास झाला. ताशी खुणा सुमारे १६ वरून ११ च्या आसपास आल्या, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा कमी. साडेसात अंश ऐकायला थोडं वाटतं. सहा फुटी अख्खा पलंग तेवढा कलवायचा तर डोक्याकडे जवळजवळ साडेनऊ इंच लागतात, साधारण तीन विटांची चवड. घरच्यांना विचारून करा, आणि सकाळी स्वतःला पायथ्याशी घसरलेलं पाहून मला शिव्या देऊ नका. पाठीखाली घालायची उताराची गादी मिळते, ती जास्त सोयीची. ज्यांचे पाय संध्याकाळी सुजतात त्यांनी हे मनावर घ्यावं. आडवं झालं की पायातलं पाणी वर मानेकडे सरकतं आणि घसा आणखी अरुंद करतं.

डावी कूस की उजवी? आपल्याकडे जेवणानंतरच्या झोपेला वामकुक्षी म्हणतात, शब्दातच डावी कूस आहे. पित्त वर येत असेल तर डावी खरंच बरी. श्वासासाठी दोन्ही चालतात, उताणं नको. चातुर्मासात विष्णूसुद्धा भाद्रपदातल्या परिवर्तिनी एकादशीला कूस बदलतो. तुम्ही रात्रीतून कितीदाही बदला, फक्त पाठीवर मुक्काम करू नका.

ते कसं जमवायचं? जुना उपाय म्हणजे बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू. उताणं झालं की टोचतं. उपाय चालतो, माणसं चालू ठेवत नाहीत. ऑस्ट्रेलियात अशा लोकांना सुमारे अडीच वर्षांनी विचारलं, तर शंभरात जेमतेम सहा जण चेंडू वापरत होते. आणखी तेरा जणांनी चेंडू सोडला होता, कारण त्यांना कुशीवर झोपायची सवय लागली होती. म्हणजे काहींचं शरीर शिकतं. मी चेंडूऐवजी पाठीशी लांब लोड लावायला सांगतो, टोचत नाही, फक्त अडवतो. छातीला किंवा मानेला लावायची, उताणं झाल्यावर थरथरणारी यंत्रंही आली आहेत आणि ती लोक चेंडूपेक्षा जास्त टिकवतात.

पण हे सगळं मोजल्यानंतर. स्लीप स्टडी म्हणजे रात्रभर झोप आणि श्वास मोजायची तपासणी. तिच्या कागदावर आपण फक्त ताशी खुणांचा मोठा आकडा बघतो. समजा तो २१ आहे. खाली बारीक अक्षरात उताणं ३६ आणि कुशीवर ६ असं असेल, तर तुमच्याशी मी गादी-उशीचं बोलेन. दोन्हीकडे ४० असेल तर लोड लावून स्वतःची फसवणूक करू नका. तिथे सीपॅप मशिन लागतं. ते काय करतं? लपेट्यात पाणी सोडल्यावर तो जसा फुगून गोल होतो, तसा हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत १९८१ मध्ये ते पहिल्यांदा मांडलं. तपासणीच्या रात्री तुम्ही संपूर्ण वेळ कुशीवर झोपलात तर अहवाल छान येईल आणि घरी रोज उताणं झोपत असाल तर तो खोटा ठरेल, हेही डॉक्टरांना विचारा. तान्ह्या बाळांना यातलं काही लागू नाही. बाळाला पाठीवरच झोपवायचं, कडक सपाट जागेवर, उशी-लोड न लावता.

प्रश्न आलाय मागून. ‘मी यांना ढोसते, हे कुशीवर होतात, आवाज बंद होतो. मग तपासणी कशाला?’ ताई, आवाज बंद झाला म्हणजे श्वास सुरू आहे असं नाही, मघाशी बोललो तेच. आवाज नसताना पोटाकडे बघा. दिव्याच्या मंद उजेडात दहा मिनिटं मोबाइलवर चित्रण करा, चेहरा आणि पोट दोन्ही येतील असं. तेवढं घेऊन या. हे दिवसा झोपाळतात का? गाडी चालवताना? कसारा घाट उतरताना डोळा लागणाऱ्यांना मी आधी किल्ली घरी ठेवायला सांगतो, मग तपासतो.

आणखी एक? ‘गादी कोणती घेऊ?’ कंपनी सांगणार नाही. दुकानात लोक गादीवर उताणे पडतात, ‘वा’ म्हणतात आणि पैसे देतात. तुम्ही कुशीवर पडा, घरची उशी बरोबर न्या, पंधरा मिनिटं थांबा. खांदा दुखला तर पुढची गादी. दुकानदार चहा मागवेल, चहा घ्या. फक्त तो प्यायला उठून बसलात तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावा.