राखाडी की गडद हिरवा?

(दृश्य : नाशिकच्या गंगापूर रोडवरचा एक फ्लॅट. सकाळचे नऊ. हॉलच्या भिंतीला दोन मोठे पुठ्ठे टेकवलेले.)

शेड कार्डवर दोन्ही रंग देखणेच होते. पण कार्डवरचा तुकडा बोटभर आणि भिंत दहा फुटांची. म्हणून पुठ्ठ्यांना दोन-दोन हात मारून घेतले. आता दोन दिवस फक्त बघत राहायचं.

हॉलची खिडकी उत्तरेची. उन्हाळ्यातले तिरके कवडसे सोडले, तर इथे येतो तो आभाळाचा निळसर उजेड. राखाडीला स्वतःचा रंग थोडाच, त्यामुळे पडेल तो उजेड तो अंगाला लावून घेतो. ढग दाटले तसा पुठ्ठा ओल्या सिमेंटसारखा दिसायला लागला. आजी म्हणाल्या, "अगं, इथं रंग द्यायचा राहिला का?"

राखाडी नाशिकला परका नाही. काळाराम मंदिर काळ्या पाषाणाचं, गोदेकाठीही तोच दगड. पण त्या दगडाच्या वर सगळं आभाळ आहे. या भिंतीला एकच खिडकी.

(दृश्य : पश्चिमेची बेडरूम. संध्याकाळचे पाच.)

तोच पुठ्ठा इथे आणला. उन्हात तो चक्क मातकट, ऊबदार झाला. हिरवा मात्र सकाळी होता तसाच, हिरवा. त्याची अडचण वेगळी. पांढरी भिंत शंभरातला ऐंशीएक भाग उजेड परत देते, फिकट राखाडी पन्नास-साठ. गडद हिरवा बऱ्याचदा दहासुद्धा नाही.

(दृश्य : रात्र. दिवे लागतात.)

6500 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढऱ्या ट्यूबखाली हिरवा जवळजवळ काळा पडला. 3000 चा पिवळा दिवा लावला आणि जून द्राक्षपानाचा रंग भिंतीवर उतरला. मला हा क्षण फार आवडला.

ठरलं ते असं : बेडरूममध्ये पलंगामागची एकच भिंत हिरवी, दिवे पिवळे. हॉलला राखाडीच, पण निळसर नाही, पिवळट झाक असलेला. गडद मॅट भिंतीवर हाताचे डाग आणि ओरखडे चटकन उठून दिसतात, म्हणून पॅसेजमध्ये हिरवा नको.

(दृश्य : प्रायमरची बादली उघडते.)

गडद शेडमध्ये पांढरं रंगद्रव्य कमी, त्यामुळे तो भिंत लवकर झाकत नाही. दोन हातांत भागत नाही, तिसरा लागतो. तो वाचावा म्हणून आधी छटा दिलेला प्रायमर मारतात. हिरव्या भिंतीवर रोलर फिरू लागला आहे. प्रायमर राखाडी आहे.