कार्डांची देणी एकत्र करताना

(कोल्हापुरातील पगारदार नोकरांच्या एका पतसंस्थेच्या सभासदांसमोर दिलेले व्याख्यान, संपादित स्वरूपात)

सभासद बंधू-भगिनींनो,

आपल्या जिल्ह्यात ‘नवं-जुनं’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. विकास सोसायटीच्या पीककर्जाची मुदत संपत आली की कुठून तरी पैसे उभे करून जुने कर्ज भरायचे आणि चार दिवसांत तेवढेच, किंवा थोडे जास्त, नवे उचलायचे, हा व्यवहार आपल्या वाडवडिलांनी केला आहे आणि ज्यांच्या नावावर ऊस आहे ते आजही करतात. दप्तरी कर्ज फिटलेले असते, घरी ते तसेच असते. क्रेडिट कार्डांची थकबाकी एका कर्जात गोळा करावी का, असे विचारायला कोणी माझ्याकडे आले, की मी आधी उलट विचारतो: तुम्हाला हे देणे फेडायचे आहे, की त्याचे नवं-जुनं करायचे आहे? प्रश्न जरा खोचक आहे हे मान्य आहे, परंतु नोकरीची सारी वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काढल्यामुळे तेवढी सवलत मी घेतो.

दोन वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षक आपल्या पत्नीला घेऊन आले. दूध संस्थेच्या बिलांच्या प्लॅस्टिक पिशवीतच तीन कार्डांची स्टेटमेंटे कोंबलेली होती. मुलीच्या क्लासची फी, वास्तुशांतीचा खर्च, सासऱ्यांचे ऑपरेशन, असे एकेक मिळून २,४०,००० रुपये झाले होते. त्यात चैनीची म्हणावी अशी एकही नोंद मला दिसली नाही. दरमहा तिन्ही कार्डांची किमान रक्कम, म्हणजे बिलाच्या पाच टक्क्यांप्रमाणे सुमारे १२,००० रुपये, ते न चुकता भरत होते. “सर, एक दिवस पुढं-मागं झालं नाही बघा,” असे त्यांनी अभिमानाने सांगितले. पत्नी एवढेच म्हणाल्या, “मग कमी का होईना?”

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडून पाहू. आपल्याकडे कार्डावरील व्याज बहुधा महिना तीन ते पावणेचार टक्के असते. आपण साडेतीन धरू. २,४०,००० च्या बिलापैकी १२,००० भरले, २,२८,००० उरले. त्यावर महिन्याचे व्याज ७,९८० आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी १,४३६. म्हणजे नवी एक पैशाची खरेदी न करताही पुढचे बिल २,३७,४१६ रुपयांचे येते. बारा हजार घरातून गेले आणि देणे अडीच हजारांनी उतरले. बिल उतरते तशी पाच टक्क्यांची रक्कमही उतरत जाते, त्यामुळे या चालीने देणे निम्म्यावर यायलाच पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार किमान रक्कम अशी ठरवावी लागते की ती भरूनही देणे फुगत जाऊ नये. देणे वाढू नये एवढाच तिचा बेत आहे. ते लवकर फिटावे ही काळजी त्या आकड्यात कोणी घातलेली नाही.

त्यात आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मागचे बिल पूर्ण भरलेले नसेल, तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्या कार्डावर भरलेल्या पेट्रोललाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. ‘पंचेचाळीस दिवस फुकट’ हे वाक्य मनात ठेवून आपण कार्ड पुढे करत राहतो, आणि ते आपल्याला लागू होणे केव्हाच बंद झालेले असते. कायद्याने या दराला चाप लागेल, या आशेवर बसू नये. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला आहे.

आता हेच २,४०,००० रुपये वैयक्तिक कर्जात वळवले, दर समजा वार्षिक १६ टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावरच, मिळाला, तर काय होते? दोन वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ११,७५० रुपये येतो आणि एकूण व्याज ४२,००० च्या आसपास जाते. हप्ता जवळजवळ तोच, जो हे गुरुजी कार्डांना भरतच होते. तेच बारा हजार ते कार्डांवरच, रक्कम कमी होऊ न देता, भरत राहिले असते, तरी ३९ महिने लागले असते आणि साडेचार लाखांहून अधिक रक्कम गेली असती. घराच्या महिन्याच्या खर्चाला धक्का न लावता सव्वा वर्ष आणि पावणेदोन लाखांहून अधिक रुपये वाचतात, तेव्हा देणी एकत्र करण्याला माझी हरकत कशी असेल? बँकेच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डावरच्या व्याजावर असतो, हाही फरक आहे. म्हणूनच कार्ड कंपनी ‘थकबाकीचे हप्ते पाडून देतो’ असे फोनवर सांगते, तेव्हा तिने सांगितलेल्या दराच्या व्याजावर १८ टक्के कर चढवूनच तुलना करावी.

परंतु गुरुजींना बँकेने देऊ केलेली मुदत पाच वर्षांची होती. हप्ता ५,८३६. “सर, हप्ता निम्म्यावर आला की!” हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता, आणि तो खुलावा अशीच त्या प्रस्तावाची रचना असते. पाच वर्षांत व्याज जाते १,१०,००० रुपये. दोन वर्षांच्या मुदतीत ते ४२,००० होते. दर तोच, कर्ज तेच, फक्त मुदत ताणली. हप्ता हा आकडा खिशाला सोसतो का, एवढेच सांगतो. कर्ज महाग की स्वस्त, हे त्याला विचारू नये.

मुदतीचा हा खेळ सर्वांत जास्त दिसतो तो गृहकर्जाच्या टॉप-अपमध्ये, म्हणजे चालू गृहकर्जावर त्याच घराच्या तारणावर मिळणाऱ्या वाढीव कर्जात. साडेनऊ टक्के दर ऐकून माणूस हुरळतो. तेच २,४०,००० साडेनऊने पंधरा वर्षांसाठी घ्या: हप्ता अडीच हजार, आणि व्याज २,११,००० रुपये. सोळा टक्क्यांच्या दोन वर्षांच्या कर्जाच्या पाचपट. टॉप-अप घ्यायचेच असेल तर मुदत लहान करून घ्यावे. शिवाय कार्डाचे देणे विनातारण असते. टॉप-अप घेतले की त्याच देण्यापायी आपण राहते घर गहाण टाकतो. एका वास्तुशांतीच्या जेवणावळीसाठी ती वास्तूच तारण पडावी, हे मला तरी सोसत नाही.

सोनेतारणाविषयी माझे मत इतके कडक नाही. दर बरा असतो, काम एका दिवसात होते, आणि आपल्याकडे गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, हौसेने घडवलेले दोन-चार दागिने बहुतेक घरांत असतात. पैसे कोणत्या महिन्यात येणार हे दिसत असेल, उदाहरणार्थ कारखान्याकडून ऊसबिल येणे असेल, तर तेवढ्या काळापुरते सोने ठेवून कार्डे मोकळी करणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे. ऊसबिल येणे नसेल, पगारातही शिल्लक पडत नसेल, तर वर्षाच्या शेवटी नुसते व्याज भरून पावती फिरवली जाते, आणि एक दिवस लिलावाची नोटीस येते. पाटल्या कोणाच्या आहेत आणि देणे कोणाचे आहे, हेही घरात मोकळेपणाने बोलून मगच ठरवावे.

आपल्या पतसंस्थेच्या कर्जाबद्दल आपल्यासमोर बोलणे अवघड, पण टाळणे गैर होईल. पगारदार पतसंस्थेचा दर अनेकदा खाजगी वित्त कंपन्यांपेक्षा कमी असतो आणि सहकार कायद्याच्या कलम ४९ नुसार हप्ता पगारातूनच कापून जात असल्याने विसरण्याची सोय राहत नाही. ही शिस्त कार्डाच्या कर्जदाराला औषधासारखी आहे. मात्र इथे जामीनदार लागतात. कार्डाचे देणे थकले तर बँकेचा माणूस तुमच्या दारात येतो. संस्थेचे थकले तर कलम १०१ चा वसुली दाखला तुमच्याबरोबर त्या सहकाऱ्यावरही निघू शकतो, ज्याने चहा पिता पिता सही केली होती. जामीनदाराला हे कर्ज कशासाठी घेत आहोत ते खरे सांगावे. ‘घरकामासाठी’ असे सांगून कार्डे भरलेली मी पाहिली आहेत, आणि त्यानंतर एका स्टाफरूममध्ये दोन माणसे वर्षभर एकमेकांशी बोलली नव्हती.

दर विचारताना तो सरळ वार्षिक आहे की घटत्या शिलकीवर, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘फक्त दहा टक्के’ म्हणून सांगितलेला फ्लॅट, म्हणजे मुदतभर मूळ रकमेवरच लावलेला सरळ, दर तीन वर्षांच्या कर्जाला प्रत्यक्षात अठरा टक्क्यांच्या घरात जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावे लागते. त्यात प्रोसेसिंग फी वगैरे धरून येणारा एकूण वार्षिक दर छापलेला असतो. २,४०,००० वर दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि तीवरचा कर मिळून ५,६६४ रुपये होतात, जे बहुधा कर्जाच्या रकमेतूनच आधी कापले जातात आणि मग तिसऱ्या कार्डाला पैसे कमी पडतात. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड किती, तेही तिथेच वाचावे. ज्यांच्याकडे ऊसबिलाची, दूध बोनसची किंवा वेतन आयोगाच्या फरकाची ढोबळ रक्कम मधूनच येते, त्यांच्यासाठी ती ओळ दराच्या ओळीइतकीच महत्त्वाची आहे.

काहींनी यात पडूच नये. ज्यांचे देणे चार-सहा महिन्यांत पगारातून फिटण्यासारखे आहे, त्यांनी फी आणि कागदपत्रांच्या फेऱ्यात न जाता सर्वांत महाग कार्डावर जोर द्यावा, बाकीच्यांचे किमान भरावे आणि मोकळे व्हावे. दुसरीकडे, ज्यांचा महिन्याचा घरखर्चच कार्डावर चालतो, म्हणजे पगार पंचवीस तारखेला संपतो आणि उरलेले पाच दिवस कार्ड ओढते, त्यांचे देणे एकत्र करून काही साधत नाही; ते पाच दिवस तसेच राहतात. बँकेशी तडजोड करून थोडक्यात मिटवण्याचा सल्लाही काही जण देतात. हप्ता भरणे खरोखर अशक्य झाले असेल तरच ती वाट धरावी, कारण क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढच्या गृहकर्जाच्या वेळी तो वर येतो.

आता मोकळ्या झालेल्या कार्डांविषयी, कारण नवं-जुनं होते ते इथेच. नव्या कर्जातून तिन्ही कार्डे भरली, की त्या दिवशी तुमच्या खिशात तीन रिकामी कार्डे आणि पूर्ण मर्यादा असते. दिवाळी तोंडावर असते. माझ्या विभागातली अशी बरीच प्रकरणे मला आठवतात, ज्यांत दीड-दोन वर्षांनी कर्ज अर्धे फिटलेले आणि कार्डे पुन्हा भरलेली होती. म्हणून दोन कार्डे बंद करावीत आणि एक, शक्यतो सर्वांत जुने, ठेवून त्याची मर्यादा अर्ज देऊन महिन्याच्या किराणा-पेट्रोलाइतकी खाली आणावी. सगळीच बंद केल्याने क्रेडिट स्कोअर काहीसा खाली येऊ शकतो, हे खरे. पण फेडायचे कर्ज डोक्यावर असताना स्कोअरच्या काळजीने तीन कार्डे जवळ बाळगणे, म्हणजे पथ्य सांगितलेल्याने फडताळात जिलेबी ठेवण्यासारखे आहे.

बंद करण्याच्या कामातही एक खाच आहे. बिलाची तारीख आणि तुम्ही पैसे भरलेला दिवस यांच्यामधल्या दिवसांचे व्याज पुढच्या बिलात येते. गुरुजींनी शेवटी दोन वर्षांची मुदत घेतली, तिन्ही बिले पूर्ण भरली आणि कार्डे कपाटात ठेवून दिली. पुढच्या महिन्यात एका कार्डाचे दोन हजारांच्या आतले बिल आले. सगळे भरले आहे, तेव्हा हे चुकून आले असावे, असे समजून त्यांनी ते बाजूला टाकले. त्यावर विलंब शुल्क लागले, आणि विम्याचा हप्ताही त्याच कार्डावर आपोआप जात होता, तोही चढला. आधी असे आपोआप जाणारे हप्ते बँक खात्यावर वळवावेत, मागून येणाऱ्या व्याजाच्या बिलाची वाट पाहावी, ते भरावे, शिल्लक शून्य झाल्याचे पाहावे आणि मग बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा. थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचे असते, न केल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. गुरुजींच्या पत्नींनी हा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला, त्याची पोच घेतली आणि ती दुधाच्या बिलांच्या त्याच पिशवीत ठेवली.