बापूजी अणे आणि दारात बसलेला माणूस

(वणी तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात बापूजी अणे जयंतीला झालेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलेलं.)

अध्यक्ष महाराज, सरपंचताई, मास्तर, आणि फवारणीचा पंप खांद्यावरून उतरवून थेट इथं आलेली मंडळी,

पोळा तोंडावर आहे, वावरात निंदण अडलं आहे, तरी तुम्ही आलात. मागं ओसरीत बायाही बसल्या आहेत, त्यांनी जरा पुढं सरकावं, माझा आवाज आता पहिल्यासारखा नाही.

पत्रिकेत विषय छापला आहे, ‘लोकनायक बापूजी अणे : पत्रकार, वकील, मंत्री’. विषय मीच दिला. बापूजी वणीचे, २९ ऑगस्ट १८८० चा जन्म, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. १९०८ पासून यवतमाळात वकिली. त्याच जुलैत मुंबईत टिळकांवर खटला चालला आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. बापूजी टिळकांचे माणूस, अखेरपर्यंत. टिळकांनी कायद्याची पदवी घेतली, कायद्याचे वर्गही चालवले, पण नाव झालं ते पेपर चालवून. त्यांच्या या शिष्यानं काळा कोटही घातला आणि यवतमाळच्या ‘हरिकिशोर’ साप्ताहिकातून लेखणीही चालवली. त्या काळात जिल्ह्याच्या गावी साप्ताहिक काढणं म्हणजे काय, हे आता सांगून पटत नाही. एकेक खिळा हातानं जुळवायचा, अंक वाचणारे थोडे आणि त्यात पहिला वाचक पोलीस.

मी स्वतः चौतीस वर्षं तालुका कोर्टात वकिली केली, आणि त्यातली बारा-तेरा वर्षं एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर होतो. संध्याकाळी बातमी पाकिटात घालून शेवटच्या एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायची. तिकडं स्टँडवर पेपरचा पोऱ्या उभा असे. पाकीट हरवलं तर बातमी हरवली. म्हणून या दोन धंद्यांच्या माणसाविषयी बोलायचा मला हक्क आहे, असं मी समजतो.

१९३० चं आधी सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. गांधीजी दांडीला गेले, सगळ्या देशात मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्याकडं समुद्र कुठला? अकोल्याकडच्या मंडळींनी दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरीच्या पाण्याचं मीठ केलं. आणि बापूजींनी ओळखलं की वऱ्हाडातल्या कास्तकाराचं खरं दुखणं मीठ नाही, जंगल आहे. ढोरांना चारा लागतो, गवत डोळ्यांसमोर उभं आहे आणि विळा लावला तर गुन्हा. १० जुलै १९३० ला पुसदजवळच्या जंगलात बापूजींनी विळा घेतला, गवत कापलं आणि अटक करून घेतली. पन्नाशीचा वकील, कायदा कोळून प्यालेला, आणि त्यानं पेंढीभर गवताची चोरी केली! गवत म्हणजे काय आणि सरकार म्हणजे काय, हे या माणसाला जागेवर उभं राहून ठाऊक होतं. एवढं ध्यानात ठेवा.

आता एकदम अकरा वर्षं पुढं येतो. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बापूजी सदस्य झाले. खातं, परदेशात राहणाऱ्या हिंदी लोकांचं. आजच्या भाषेत केंद्रीय मंत्रीच म्हणा. वणीचं पोरगं दिल्लीच्या बंगल्यात गेलं. नंतर ऑगस्ट १९४२ आला. ९ तारखेला गांधीजींना पकडलं, त्या वेळीही बापूजी त्याच मंडळात होते. जयंतीच्या भाषणांत हे वाक्य कोणी उच्चारत नाही. मी दरसाल वाट पाहतो.

१६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आपल्या शेजारच्या, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर पेटलं. मोर्चा निघाला, गोळीबार झाला, माणसं पडली, आणि चिडलेल्या जमावानं सरकारी अधिकारी मारले. तेही सांगितलं पाहिजे, लपवू नये. तीन दिवसांनी फौज आली. गावातले बाप्ये धरून नेले होते किंवा रानात पांगले होते. घरात राहिल्या बाया आणि लेकरं. त्या बायांवर काय गुदरलं ते मी या सभेत उच्चारणार नाही. पुढं त्यांनी स्वतः तोंड उघडून सांगितलं, आणि त्या काळात ते सांगायला केवढं काळीज लागलं असेल ते इथल्या आयाबायांना कळतं. चौकशी करा एवढीच मागणी होती. सरकार करीना.

सेवाग्रामला प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी राहत. गांधीजींच्या आश्रमातला विलक्षण माणूस. कधीकाळी बोलायचं नाही म्हणून ओठ तांब्याच्या तारेनं शिवून घेतलेला. हा माणूस चिमूरचं ऐकून उठला आणि दिल्लीला गेला. कोणाकडं? गृहखात्याकडं नाही, व्हाइसरॉयकडं नाही. बापूजी अण्यांच्या दारात. म्हणणं एवढंच, तुम्ही आमच्या मुलखातले, तुम्ही चिमूरला चला, डोळ्यांनी पाहा. बापूजी तेव्हा गेले नाहीत. भन्साळी त्यांच्याच दारात उपाशी बसले. नोव्हेंबर १९४२ ची सुरुवात होती. पोलिसांनी त्यांना उचललं आणि सेवाग्रामला परत पाठवलं.

बापूजी का गेले नाहीत? मी वकील आहे, मला एक कारण दिसतं. चिमूर त्यांच्या खात्यात येत नव्हतं. अधिकारक्षेत्र! हा शब्द आमच्या धंद्यात इतका सरावाचा आहे की त्याआड माणूस आख्खा लपतो. आणि इथं मला माझं एक सांगायचं आहे, घड्याळ पाहू नका.

एक म्हातारी माझ्याकडं आली होती. विधवा, तीन एकर कोरडवाहू, मुलगा लहान. शेजाऱ्यानं धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडला म्हणत होती. मी म्हटलं, कागद आणा. सातबारा आणला, जुना नकाशा आणला, सगळं नीट गुंडाळून. मी दावा लिहायला घेतला. दुसऱ्या पेशीच्या आधी ती सकाळीच घरी आली. पिशवीतून तिनं एक गोटा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. नारळाएवढा असेल, एका बाजूनं चुन्याचा पांढरा पट्टा, दुसऱ्या बाजूला ओली काळी माती चिकटलेली. मोजणीचा दगड! मी तडकलो. म्हटलं, बाई, हा तर पुरावा, पुरावाच तुम्ही उपटून आणला? ती म्हणाली, “म्या नाही उपटला साहेब. त्यानंच उपटून नाल्यात फेकला. म्या धुंडून आणला. तुम्ही या नं एकडाव, पाहून घ्या.” मी सांगितलं, कोर्ट कमिशनर नेमील, तो येऊन पाहील, वकिलानं जाणं बरं दिसत नाही. ती थोडा वेळ बसली. मग म्हणाली, “कागद तं तुमाले देले. धुरा कोन पाहीन?”

ती बराच वेळ पायरीवर बसून होती. माझ्या बायकोनं तिला चहा दिला. मी कोर्टात गेलो, तिच्याच बाजूनं गेलो. कमिशनर तीन महिन्यांनी आला. तोवर शेजाऱ्यानं वखर फिरवून तिथं तूर पेरली होती आणि धुरा होता की नव्हता हे देवालाही सांगता आलं नसतं. दावा गेला. तिचं घर माझ्या घरापासून सायकलवर वीस मिनिटांवर होतं. माझी सायकल दारातच उभी असे. आणि मी वार्ताहरही होतो! बातमीसाठी कुठंही धावणारा माणूस त्या वीस मिनिटांच्या वाटेला गेला नाही. तो गोटा अजून माझ्या घरी आहे. चुना बराचसा गळाला, माती मात्र मी धुऊ दिली नाही.

म्हणून भन्साळी दारात बसले हे वाचताना मला पहिल्यांदा ती पायरी दिसते.

तर पुढं. भन्साळी थांबले नाहीत. पायी चिमूरला निघाले, पोलिसांनी परत आणलं. ११ नोव्हेंबरपासून अन्न सोडलं ते १२ जानेवारी १९४३ पर्यंत, त्रेसष्ट दिवस. या उपोषणाची बातमी छापायची नाही असा सरकारचा हुकूम झाला. माणूस मरणाच्या दारी, आणि पेपरात अक्षर नाही. तेव्हा संपादक मंडळी उठली. ६ जानेवारी १९४३ ला निषेध म्हणून अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही. ‘हरिकिशोर’मध्ये लिहिलेला माणूस त्या दिवशी दिल्लीत सरकारच्या बाजूला बसलेला होता. सकाळी पेपर आला नसेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. मला वाटतं, बापूजींच्या आयुष्यातला सगळ्यात जड दिवस तो असावा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. साडेआठला लाईन जाणार आणि मारेगावची गाडी त्याआधी निघणार. बरं. विषय तर अजून पुरता मांडलाच नाही. भरभर सांगतो, रागावू नका.

१० फेब्रुवारी १९४३ ला गांधीजींनी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचं उपोषण धरलं. त्यांना सोडा, असं सरकारातल्या हिंदी सदस्यांपैकी काहींचं म्हणणं. सरकार ऐकेना. १७ फेब्रुवारीला तिघांनी राजीनामे दिले, होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि आपले बापूजी. इतिहासाच्या पुस्तकात कारण गांधीजींचं उपोषण, आणि ते खरंच आहे. पण मी त्यात नोव्हेंबरपासूनचे साडेतीन महिने धरतो. दारातून उचलून नेलेला माणूस त्या बंगल्यातून गेला नव्हता, असं माझं मत. पुरावा मागाल तर माझ्याजवळ कागद नाही. उलटतपासात मी हे टिकवू शकणार नाही, हेही सांगून ठेवतो.

वकील आणि पत्रकार यांच्यापासून मंत्री कसा घडतो, हे मी सांगणार होतो. थोडक्यात सांगतो. दोन्ही धंदे एकच गोष्ट शिकवतात, की कोणी पाहिलं ते आधी विचारा. वकील साक्षीदार शोधतो, वार्ताहर स्वतः साक्षीदार होतो. १९३० मध्ये बापूजी स्वतः गवतात उभे होते. १९४२ मध्ये पाहिलेला माणूस त्यांच्या दारात चालत आला आणि खुर्चीनं त्यांना उठू दिलं नाही. तीन महिन्यांनी त्यांनी खुर्चीच सोडली. राजीनाम्याचं मोठेपण कमी करायला मी हे सांगत नाही. पण चिमूर वगळून त्यांची जयंती करणं मला जमत नाही. त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं तर त्यांच्याशी बोलायचं कसं?

उरलेलं एका दमात. त्याआधीचं, १९२८ च्या नेहरू समितीत ते होते, १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते, १९३४ मध्ये जातीय निवाड्यावरून, म्हणजे इंग्रजांनी धर्मवार वेगळे मतदारसंघ दिले त्यावरून, मालवीयांबरोबर वेगळा पक्ष काढला. राजीनाम्यानंतर सिलोनला भारताचे प्रतिनिधी. १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल. मग म्हातारपणी वेगळ्या विदर्भाच्या बाजूनं नागपुरातून लोकसभेवर, एकदा १९५९ ला आणि पुन्हा १९६२ ला. यावर वेगळं व्याख्यान होईल, आणि भांडणही होईल. टिळकांवर संस्कृतात भलंमोठं काव्य लिहीत राहिले. २६ जानेवारी १९६८ ला गेले, पद्मविभूषणही त्याच वर्षीचं. संस्कृतवाल्या मास्तरांनी त्या काव्यावर बोलावं, मी ऐकायला येईन.

आता कामाचं. येत्या १६ ऑगस्टला इथून चिमूरला गाडी न्यायची आहे. वणी, वरोरा, चिमूर. तिथल्या हुतात्मा दिनाला आपण वणीकर म्हणून उभं राहावं एवढीच इच्छा. भाडं मी आणि सरपंचताई मिळून भरतो, भाकरी ज्याची त्यानं आणावी. बायांनीही यावं, आधी त्यांनी यावं. नावं वाचनालयात वहीत लिहून ठेवा, पहिलं माझं लिहिलेलं आहे. गाडी सकाळी सहाला पारापासून सुटेल.