चोर्ल्याच्या वाटेवरच्या पिकअपचे नवे वायरिंग

बेळगावच्या उद्यमबागेलगत एका पत्र्याच्या शेडमध्ये टाटा 207 पिकअप आठ दिवसांपासून उभी आहे. 1988 साली टाटामोबाईल या नावाने बाजारात आलेल्या मालिकेतली ही गाडी कित्येक वर्षे पहाटेच्या अंधारात बेळगावची भाजी भरून चोर्ला घाटातून गोव्याला जात असे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. त्यामुळे एकदा सुरू झालेली गाडी वायरिंग बिघडले तरी चालत राहते, आणि नेमक्या याच गुणापायी मालकाने हे काम अनेक पावसाळे पुढे ढकलले. अखेर घाटातल्या धुक्यात ब्रेक दाबला की लाल दिव्यासोबत इंडिकेटरही मिणमिणू लागला.

दोष बल्बचा नव्हता, तरी बल्ब तीनदा बदलून झाले होते. विजेला बॅटरीकडे परतण्यासाठी वाट लागते आणि गाडीत ती वाट म्हणजे लोखंडी बॉडी. मागच्या दिव्याचा अर्थिंगचा स्क्रू गंजला, की ब्रेकच्या बल्बमधून आलेला प्रवाह शेजारच्या बल्बमधून उलटा शिरून वाट काढतो आणि दोन्ही दिवे अर्धवट पेटतात.

मेस्त्रींनी आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवले, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. त्यानंतर एकही वायर न कापता प्रत्येक टोकाला कागदी टेपची चिठ्ठी लावून संपूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा, बाहेर काढला. हाताखालच्या पोराने पहिल्या दिवशी चिठ्ठ्या कन्नडमध्ये लिहिल्या आणि मेस्त्रींनी मराठीत. दुसऱ्या दिवसापासून दोघांनी फक्त आकडे घातले.

खरे काम प्लायवूडच्या फळीवर झाले. खिळे ठोकून जुना हार्नेस त्यांच्याभोवती जसाच्या तसा पसरला आणि वरचा टेप सोलला, तेव्हा आत घराच्या फिटिंगमधली जाड, एकेरी तारेची वायर नुसती पिळून जोडलेली निघाली. अशी तार गाडीच्या हादऱ्यांनी तुटते. गाडीला अनेक बारीक तारांची वायर लागते. चिकट काळ्या टेपखाली तांबे हिरवे पडले होते आणि डॅशबोर्डमागे उंदरांनी वीतभर आवरण कुरतडले होते. म्हणून नव्या हार्नेससाठी मेस्त्रींनी जुन्याची लांबी आणि फाटे घेतले, मधले जोड मात्र एकही घेतले नाहीत.

हेडलाइटच्या बाबतीत त्यांनी मूळ रचनाही बदलली. 60 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर 10 अँपिअर ओढतात, आणि तेवढा प्रवाह जुन्या स्विचमधून फिरून आला तर वाटेतच व्होल्टेज पडते. दिव्यापाशी व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, म्हणून आता स्विच केवळ रिले, म्हणजे थोड्या प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा खटका, ओढतो आणि दिव्यांना बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड वायरने थेट पुरवठा होतो. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. त्याजागी सिगारेटच्या पाकिटाची चंदेरी गुंडाळण्याची युक्ती अजूनही कुठे कुठे चालते, तिला मेस्त्रींच्या शेडमध्ये थारा नाही.

हार्नेस बसवताना वायर कडेला घासू नये म्हणून केबिनच्या पत्र्यातल्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराची कडी, घातले आणि अर्थिंगच्या जागा लोखंड चकाकेपर्यंत खरवडल्या. बॅटरी जोडण्याआधी निगेटिव्ह वायरमध्ये 21 वॅटचा बल्ब लावला. सगळे स्विच बंद असूनही तो लखकन पेटला; म्हणजे कुठेतरी शॉर्ट होता. शोधायला तासभर लागला. हॉर्नची वायर रेडिएटरजवळच्या क्लिपखाली चिमटली होती. ती सोडवताच बल्ब विझला.

मग बल्ब काढून बॅटरी जोडली. मालक केबिनमध्ये बसले आणि पोरगा मागे जाऊन उभा राहिला.

“मामा, ब्रेक दाबा,” मेस्त्री म्हणाले.

“नुसता लालच लागलाय, मेस्त्री,” मागून उत्तर आले.