टाकीचं झाकण कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

आज एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घराच्या किंवा चाळीच्या संडासाची टाकी नेमकी कुठे आहे? आणि तिचं झाकण? ठाण्यातल्या चाळींत किंवा नवी मुंबईच्या गावठाणांत, जिथे मलवाहिनीची जोडणी नाही तिथे, "असेल त्या लादीखाली कुठेतरी" असं उत्तर हमखास मिळतं.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या ५३ टक्के घरांत संडास नव्हता. खेड्यांत हे प्रमाण ६९ टक्के होतं, शहरांत १९. पुढे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत संडासाची कोणतीच सोय नसलेली घरं १९ टक्क्यांवर आली. म्हणजे भिंती उभ्या राहिल्या, भांडी बसली. भांड्याखालून पुढे काय होतं, त्याबद्दल आज बोलू.

सेप्टिक टाकी हा मैला साठवायचा हौद नव्हे. तिच्यात गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढे जातं. पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, एक मीटर पाणी उभं राहील आणि वर ३० सेंटिमीटर जागा मोकळी राहील, एवढी टाकी पुरते. मात्र दर दोन वर्षांनी ती उपसायला हवी. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, दोन्ही तोंडांना 'टी', म्हणजे इंग्रजी T अक्षरासारखा पाइपाचा तुकडा, लावलेला हवा. बाहेरच्या तोंडाचा टी नसला, की साय पाण्याबरोबर शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, उतरते आणि तो चोंदतो. मग कुणीतरी ते पाणी गटारात वळवतो. दिसायला ते बरंच निवळ असतं, पण जंतूंनी भरलेलं असतं, आणि नाल्यांवाटे शेवटी ठाण्याच्या खाडीत जातं.

गवंडी सांगतो, "मोठीच बांधा, वीस वर्षं बघायला नको." हा सल्ला ऐकू नका. इतकी वर्षं न उपसलेला गाळ तळाशी घट्ट बसतो, मैला ओढून घेणाऱ्या गाडीच्या पाइपाने तो ओढला जात नाही, आणि मग माणसाला आत उतरवलं जातं. टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून तो कळेल, असं समजू नका. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. २०१३ च्या कायद्याने कुणालाही सुरक्षासाधनांशिवाय टाकीत किंवा गटारात उतरवणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा मृत्यू झाला तर वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं.

म्हणून गाडीच बोलवा. पालिकेकडे विचारा, किंवा शहरी भागासाठी १४४२० हा क्रमांक आहे. गल्ली अरुंद असेल तर गाडीचा पाइप किती लांब पोचतो ते आधी विचारून घ्या. टाकीवर लादी बसवून टाकली असेल तर झाकणापुरती ती आजच काढा. उपसताना तळाशी थोडा गाळ राहू द्या, त्यातल्या जिवाणूंवरच टाकी पुन्हा चालू होते. टाकी धुऊन काढणं, आत ॲसिड ओतणं, यातलं काही करू नका. उपसा मार्च-एप्रिलमध्ये करा आणि लगेच पाणी भरा. खाडीकाठच्या भरावाच्या जमिनीत पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते आणि रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तिचे पाइप तुटतात.

वस्तीतल्या सामूहिक शौचालयाबद्दल एकच हिशेब. स्वच्छ भारत अभियानाच्या नियमानुसार ३५ पुरुषांमागे एक सीट आणि २५ स्त्रियांमागे एक. म्हणजे ५०० पुरुषांना १५ आणि ५०० स्त्रियांना २० सीट. नकाशात दोन्ही बाजू सारख्या दिसल्या, तर तो तिथेच परत पाठवावा.

आता शहापूर-मुरबाडकडे. तिथल्या पाड्यांना सेप्टिक टाकीपेक्षा दोन शोषखड्ड्यांचा संडास परवडतो. भांडं तीव्र उताराचं, २५ ते २८ अंशांचं, आणि त्याखालच्या सापळ्यात, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपात, २० मिलिमीटर पाणी, म्हणजे दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. शहरी भांडं बसवलं तर बादलीभर पाणी लागतं. भातसा आणि तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो, तेव्हा हा फरक लहान नाही.

खड्डे जाळीदार विटांचे, तळ उघडा, दोघांत किमान एक मीटर अंतर. विहीर दहा मीटरच्या आत नको. भेगांच्या कातळात त्याहून लांब, कारण भेगेतून मैलापाणी गाळलं न जाता थेट उतरतं. मोरीचं पाणी यात सोडू नका. वेंट पाइपही लागत नाही, वायू माती शोषते.

सगळ्यात जास्त चूक होते ती भांडं आणि खड्डे यांच्यामधल्या चेंबरमध्ये. पाइप तिथे इंग्रजी Y सारखा दोन खड्ड्यांकडे फुटतो आणि त्याचं एक तोंड वीट लावून बंद ठेवायचं असतं. ते उघडं राहिलं तर दोन्ही खड्डे एकदमच भरतात आणि उपसायला ओला मैलाच हाती येतो. पहिला खड्डा भरला की वीट हलवायची आणि तो दोन वर्षं तसाच ठेवायचा. नंतर त्यात निघतं ते कोरडं, वास नसलेलं खत. बंद केल्याची तारीख विसरली जाते, म्हणून त्या खड्ड्याच्या झाकणावर ऑइलपेंटने महिना आणि साल लिहून ठेवा.